गोजिरा : समीक्षकांनी नाकारलेला चित्रपट आणि तारापूरचा किनारा

१/
३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानभर 'गोजिरा' हा चित्रपट प्रदर्शित झाला. प्रेक्षकांनी चित्रपटगृहांबाहेर रांगा लावल्या. अनेक समीक्षकांनी मात्र नाके मुरडली. 'किनेमा जुनपो' हे जपानमधील सर्वांत प्रतिष्ठित चित्रपटविषयक नियतकालिक. त्याच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम दहा चित्रपटांच्या यादीत गोजिराला जागा मिळाली नाही. मार्च २०२४ मध्ये त्याच प्राण्यावरील नव्या चित्रपटाने ऑस्कर मिळवले आणि १९५४ चा मूळ चित्रपट तर आज अभिजात मानला जातो. चित्रपट तोच आहे. बदलले ते पाहणारे. हा बदल कसा घडला आणि पालघर जिल्ह्यातील चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावरून तो अभ्यासण्यात काय अर्थ आहे, याचा हा धागा.

२/
चिंचणीचे नाव प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांना ताम्रपटांमुळे परिचित आहे. येथे सापडलेल्या राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळातील ताम्रपटात (शके ८४८, इ.स. ९२६) संजाणचा प्रदेश सांभाळणाऱ्या 'मधुमती' नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. आधुनिक इतिहासात या परिसराची ओळख वेगळी आहे. खाडीपलीकडे तारापूर आणि त्याच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर भारतातील पहिला अणुऊर्जा प्रकल्प. एका बाजूस मासेमारांच्या वस्त्या, दुसऱ्या बाजूस अणुभट्ट्या, आणि दोहोंना लागून एकच समुद्र. गोजिराची कथाही मासेमारांच्या बोटीपासूनच सुरू होते. त्या आरंभामागे एक खरी घटना होती.

३/
१ मार्च १९५४. प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर अमेरिकेने 'कॅसल ब्राव्हो' ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोटाची क्षमता सुमारे ६ मेगाटन असेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती १५ मेगाटन निघाली. म्हणजे हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट. अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर 'दाइगो फुकुर्यू मारू' (भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५) ही ट्यूना पकडणारी जपानी बोट उभी होती. तिच्यावर २३ खलाशी होते. पहाटे पश्चिमेला सूर्य उगवावा तसा प्रकाश दिसला आणि काही तासांनी आकाशातून पांढरी राख पडू लागली. ती किरणोत्सारी प्रवाळाची भुकटी होती.

४/
१४ मार्चला बोट याइझू बंदरात परतली तेव्हा खलाशांची त्वचा भाजलेली होती आणि केस गळू लागले होते. दोनच दिवसांत 'योमिउरी' वृत्तपत्राने बातमी फोडली. बाजारात गेलेल्या ट्यूनावर किरणोत्सार आढळला आणि देशभर मासळीचे भाव कोसळले. इतर बोटींचा मासाही तपासून नष्ट करावा लागला. रेडिओ चालक आइकिची कुबोयामा यांचा २३ सप्टेंबर १९५४ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मृत्यू झाला. त्यानंतर अवघ्या ४१ दिवसांनी गोजिरा पडद्यावर आला. चित्रपटाच्या पहिल्या समीक्षा वाचताना हा ४१ दिवसांचा आकडा ध्यानात ठेवावा लागतो.

५/
या घटनेचे पडसाद दूरवर उमटले. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या तूर्त थांबवण्याचा करार व्हावा, असा प्रस्ताव मांडला. जपानमध्ये टोकियोच्या सुगिनामी भागातील गृहिणींच्या पुढाकाराने हायड्रोजन बॉम्बविरोधी सह्यांची मोहीम उभी राहिली आणि ऑगस्ट १९५५ पर्यंत तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. एप्रिल १९५२ मध्ये जपानवरील परकीय अंमल संपला होता. त्या अंमलाच्या काळात हिरोशिमा-नागासाकीविषयी लिहिण्यावर अमेरिकी अधिकाऱ्यांची सेन्सॉरशिप होती. म्हणजे जपानी समाजाला आपले दुःख उघडपणे बोलण्याची मुभा मिळून जेमतेम अडीच वर्षे झाली होती.

६/
'तोहो' या चित्रपट कंपनीचे निर्माते तोमोयुकी तानाका यांचा इंडोनेशियात चित्रित होणारा एक मोठा चित्रपट ऐनवेळी रद्द झाला होता. रिकामी झालेली जागा भरण्यासाठी त्यांनी अणुचाचणीने जाग्या झालेल्या सागरी प्राण्याची कल्पना मांडली. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धात सैनिक होते. १९४६ मध्ये चीनहून परतताना त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिले होते. विशेष दृश्यांची जबाबदारी एइजी त्सुबुराया यांच्याकडे होती. 'किंग काँग'प्रमाणे बाहुली इंचाइंचाने हलवून चित्रण करण्याची त्यांची इच्छा होती, पण तेवढा अवधी नव्हता. म्हणून जड रबरी पोशाखात माणूस उभा करून छोट्या प्रतिकृतींचे टोकियो त्याच्याकडून तुडवून घेतले गेले. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी कॉन्ट्राबेसच्या तारांवर चामडी हातमोजा घासून त्या प्राण्याची डरकाळी निर्माण केली.

७/
कथेचा आरंभ असा : समुद्रात अचानक पांढरा प्रकाश चमकतो आणि बोट पेटून बुडते. शोधास गेलेली दुसरी बोटही नाहीशी होते. बंदरावर खलाशांचे नातेवाईक बातमीसाठी गर्दी करतात. ओदो नावाच्या बेटावर मासेमारांच्या जाळ्यात मासाच येईनासा होतो आणि एक वृद्ध 'गोजिरा'ची जुनी दंतकथा सांगतो. गावातील तरुण त्याला हसतात. मार्च ते सप्टेंबर ही वृत्तपत्रे वाचलेल्या जपानी प्रेक्षकाला हे रूपक उलगडून सांगण्याची आवश्यकताच नव्हती. प्राणी पडद्यावर येण्याआधीच प्रेक्षागृहात शांतता पसरावी, अशी ही रचना आहे.

८/
पुढील तीन प्रसंग समीक्षेच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले. पहिला : लोकल गाडीत एक तरुणी दूषित ट्यूना, किरणोत्सारी पाऊस आणि आता हा गोजिरा, अशी तक्रार करते, आपण नागासाकीतून कशाबशा वाचलो, हेही सांगते. दुसरा : संसदेत पुराजीवशास्त्रज्ञ यामाने आपला अहवाल मांडतात. परराष्ट्र संबंध बिघडतील म्हणून तो गुप्त ठेवावा असे एक सदस्य म्हणतो, तर महिला सदस्य सत्य जाहीर करा म्हणून कडाडतात. तिसरा : अखेरीस गोजिरा मरतो, पण यामाने आनंदी नसतात. चाचण्या चालूच राहिल्या तर दुसरा गोजिरा कुठेतरी उठेल, अशी शंका ते व्यक्त करतात.

९/
लोकांनी या चित्रपटाला उदंड प्रतिसाद दिला. सुमारे ९६ लाख तिकिटे विकली गेली. समीक्षकांची भूमिका निराळी होती. विशेष दृश्यांच्या कारागिरीची प्रशंसा झाली. परंतु कथा दुबळी, मानवी पात्रे पुसट आणि एकंदर प्रकार विचित्र, असे शेरेही आले. सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक होता : कुबोयामा यांच्या मृत्यूचे दुःख ताजे असताना त्यावर राक्षसपट काढणे म्हणजे शोकांतिकेचा व्यापार करणे होय. आपल्या चित्रपटाला भंगार ठरवले गेल्याची खंत होंडा यांनी पुढे अनेक वर्षांनी बोलून दाखवली.

१०/
आज या समीक्षकांना दृष्टिहीन ठरवणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो मोह टाळावा. १९५४ हे जपानी चित्रपटाचे असामान्य वर्ष होते. 'किनेमा जुनपो'च्या यादीत प्रथम क्रमांकावर केइसुके किनोशिता यांचा 'चोवीस डोळे' हा चित्रपट होता. एका बेटावरील शिक्षिका आणि युद्धाने हिरावलेले तिचे विद्यार्थी, अशी त्याची कथा. तिसऱ्या क्रमांकावर होता अकिरा कुरोसावा यांचा 'सेव्हन समुराई'. त्यात नायकाची भूमिका करणारे ताकाशी शिमुरा हेच गोजिरातील यामाने. युद्धाविषयी बोलण्याची प्रतिष्ठित भाषा तेव्हा संयत वास्तववादाची होती. रबरी पोशाखातला प्राणी त्या भाषेत बसत नव्हता. शिवाय ४१ दिवसांपूर्वी गेलेल्या माणसाविषयीचा संकोच खोटाही नव्हता.

११/
त्याच वर्षी अणूची दुसरी कथाही लिहिली जात होती. ८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत 'शांततेसाठी अणू' हे धोरण मांडले होते. मार्च १९५४ मध्ये, म्हणजे बिकिनीची राख पडली त्याच महिन्यात, जपानच्या संसदेत देशातील पहिल्या अणुऊर्जा तरतुदीचा प्रस्ताव आला. ३ ऑगस्ट १९५४ रोजी भारतात अणुऊर्जा विभाग स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय मुंबईत आले. होमी भाभा त्याचे सचिव झाले. बॉम्बची भीती आणि विजेची आशा या दोन भावना आशियात एकाच वर्षी शेजारी शेजारी नांदत होत्या. गोजिराचा पहिला प्रेक्षक या दोन्ही भावना घेऊनच चित्रपटगृहात शिरला होता.

१२/
जपानबाहेरील प्रेक्षकांपर्यंत मात्र वेगळाच चित्रपट पोहोचला. एप्रिल १९५६ मध्ये अमेरिकेत 'गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!' या नावाने सुधारित आवृत्ती प्रदर्शित झाली. मूळ चित्रपट ९६ मिनिटांचा. ही आवृत्ती सुमारे ८० मिनिटांची, आणि त्यातही नव्याने चित्रित केलेले प्रसंग. अभिनेते रेमंड बर यांना स्टीव्ह मार्टिन या अमेरिकी वार्ताहराच्या भूमिकेत मध्येमध्ये बसवले गेले. तो खिडकीतून पाहतो, टिपणे घेतो आणि घडणाऱ्या गोष्टींचे निवेदन करतो. टोकियोचा विध्वंस आता एका पाहुण्याच्या नजरेतून दिसू लागला.

१३/
येथे एक प्रचलित समज दुरुस्त केला पाहिजे. अमेरिकी आवृत्तीतून हायड्रोजन बॉम्बचा उल्लेख पूर्ण पुसला गेला, असे वारंवार लिहिले जाते. ते बरोबर नाही. चाचण्यांमुळे प्राणी जागा झाला, हे यामाने यांचे विधान त्यातही आहे. गेले ते स्मरण. लोकल गाडीतील तरुणी, तिचे नागासाकी आणि दूषित ट्यूना गेले. संसदेतील सत्य जाहीर करण्याविषयीचा वाद गेला. यामाने यांची अखेरची शंकाही गेली. तिच्या जागी जग आता पुन्हा निर्धास्त जगू शकेल, असा दिलासा आला. बॉम्ब राहिला, पण बॉम्ब सोसलेली माणसे आणि उद्याविषयीचा प्रश्न निघून गेले.

१४/
'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी या आवृत्तीची यथेच्छ टर उडवली. खेळण्यातली घरे, खेळण्यातल्या रेल्वेगाड्या आणि स्वस्त भयपट, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. पुढे कित्येक दशके पाश्चात्त्य जगात गोजिराविषयीचे मत या आवृत्तीवरच उभे राहिले. दस्तऐवजाची प्रत कोणती, हे न तपासता त्यावर भाष्य केले की काय होते, याचे हे ठळक उदाहरण होय. ताम्रपटातील चार ओळी खोडून उरलेल्या मजकुरावरून राजाचे मूल्यमापन करावे, तसा हा प्रकार झाला. गंमत अशी की ही अमेरिकी आवृत्ती १९५७ मध्ये जपानमध्येही दाखवली गेली.

१५/
त्याच १९५६ च्या ४ ऑगस्टला मुंबईजवळ तुर्भे येथे 'अप्सरा' ही भारताची पहिली संशोधन अणुभट्टी कार्यान्वित झाली. भाभा यांनी आदल्या वर्षी जिनिव्हा येथील 'शांततेसाठी अणू' परिषदेचे अध्यक्षपद भूषवले होते. अणू हा नव्या, स्वतंत्र राष्ट्राच्या आत्मविश्वासाचा शब्द झाला. अणुविषयीच्या सार्वजनिक भाषेतून भय ओसरत गेले आणि प्रगती पुढे आली. पडद्यावरील गोजिराचेही याच काळात रूपांतर होऊ लागले.

१६/
१९६२ च्या 'किंग काँग विरुद्ध गोजिरा' या चित्रपटाला जपानमध्ये विक्रमी गर्दी झाली. त्यानंतर गोजिरा हळूहळू मुलांचा लाडका आणि पृथ्वीचा रक्षकही बनला. १९६५ मध्ये सुझन सोंटॅग यांनी 'द इमॅजिनेशन ऑफ डिझास्टर' या निबंधात विज्ञानपटांचा गंभीरपणे विचार केला. त्यांनी होंडा यांच्याच 'रोडन' आणि 'द मिस्टेरियन्स' या चित्रपटांचीही दखल घेतली. हे चित्रपट अणुयुगाची सामूहिक धास्ती व्यक्त करतात, पण विध्वंसाचे सुख देऊन तिच्याशी तडजोडही करायला लावतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. या प्रकाराची टर उडवण्याऐवजी त्याची चिकित्सा होऊ लागली, ही मोठीच पायरी होती.

१७/
आता पुन्हा चिंचणीच्या शेजारी. १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या उकळत्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या तारापूरला उभ्या राहिल्या. प्रत्येकीची मूळ क्षमता २१० मेगावॅट होती. पुढे ती १६० वर आणली गेली. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्या व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाल्या. गोजिराला पंधरा वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा सहा दिवस उरले होते. तारापूर हे आशियातील पहिले अणुवीज केंद्र होते, असे अनेकदा वाचायला मिळते. परंतु जपानचे तोकाई केंद्र १९६६ मध्येच सुरू झाले होते. तारापूर हे भारतातील पहिले, एवढे विधान निश्चित आहे.

१८/
फुकुशिमा दाइइचीची पहिली अणुभट्टीही जनरल इलेक्ट्रिकचीच, उकळत्या पाण्याच्या प्रकारातली. ती मार्च १९७१ मध्ये सुरू झाली. म्हणजे तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या तिच्याहून सुमारे दीड वर्षाने जुन्या. दोन्हींचे आराखडे एकच नव्हेत. पण तंत्रज्ञानाचे कूळ एक आणि कालखंडही एक. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तारापूरच्या इंधनावरून भारत आणि अमेरिका यांच्यात दीर्घ वाद चालला. त्या काळच्या चर्चेत तारापूर म्हणजे करार, सार्वभौमत्व आणि मेगावॅट. किनारा, गावे आणि मासळी या चर्चेच्या कडेला राहिली.

१९/
मूळ गोजिराचे पुनर्मूल्यांकन २००४ मध्ये वेगाने झाले. पन्नाशीच्या निमित्ताने ९६ मिनिटांची जपानी आवृत्ती इंग्रजी उपशीर्षकांसह अमेरिकेतील चित्रपटगृहांत पोहोचली. अनेक समीक्षकांना आपण आजवर दुसराच चित्रपट पाहत होतो, याची जाणीव झाली. सर्वांचे मत मात्र पालटले नाही. रॉजर ईबर्ट यांनी तो चित्रपट म्हणून वाईटच ठरवला, पण इतिहासातील त्याचे स्थान मान्य केले. ही नोंद मोलाची आहे. कलाकृती म्हणून उणीव आणि साक्ष म्हणून मोल, या दोन गोष्टी एकत्र असू शकतात. १९५४ च्या जपानी समीक्षकांना उणीव दिसली होती. साक्ष अजून त्यांच्या फार जवळ होती.

२०/
११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामीने फुकुशिमाची वीजव्यवस्था कोलमडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला. तारापूरचे नाव चर्चेत आले आणि भारतातील अणुकेंद्रांच्या सुरक्षेचा फेरआढावा घेतला गेला. २०१६ मध्ये हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांचा 'शिन गोजिरा' प्रदर्शित झाला. त्यातील बराच काळ बैठकांमध्येच जातो : कोणाची परवानगी, कोणते खाते, कोणता नियम. जपानी प्रेक्षकांनी तो थेट फुकुशिमावरील भाष्य म्हणून पाहिला. त्याला जपानी अकादमीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात पुरस्कार मिळाले. आणि 'किनेमा जुनपो'ने? १९५४ मध्ये यादीबाहेर ठेवलेल्या प्राण्याला तिने आता वर्षातील दुसरे स्थान दिले.

२१/
२०२३ मध्ये ताकाशी यामाझाकी यांच्या 'गोजिरा मायनस वन'ने कथा युद्धोत्तर जपानमध्ये, म्हणजे मूळ जखमेपाशी, नेऊन ठेवली. १० मार्च २०२४ रोजी त्याला दृश्य-परिणामांसाठीचे ऑस्कर मिळाले. ज्या दृश्यकलेची खेळणी म्हणून थट्टा झाली, तिच्याच परंपरेला हा सन्मान लाभला. समीक्षेच्या या सत्तर वर्षांत एक सूत्र दिसते. समाजाला अणूची भीती जवळून जाणवली, की गोजिरा गंभीर होतो. भीती दूर गेली, की तो खेळणे बनतो. समीक्षा चित्रपटाविषयी जितके सांगते, तितकेच ती लिहिणाऱ्या काळाविषयीही सांगते. म्हणूनच ती इतिहासाचे साधन आहे.

२२/
साधन म्हटले की त्याची चिकित्सा आली. जुनी समीक्षा वाचताना चार प्रश्न विचारावेत. समीक्षकाने कोणती आवृत्ती पाहिली? घटना आणि लेखन यांत किती दिवसांचे अंतर होते? त्या काळी गंभीर कलेची मान्य भाषा कोणती होती? आणि कोणाचे मत नोंदलेच गेले नाही? चौथा प्रश्न सर्वांत कठीण आहे. ९६ लाख तिकिटे हा एक आवाज आहे, पण तो मुका आहे. याइझूच्या मासेमाराला किंवा त्याच्या पत्नीला या चित्रपटाविषयी काय वाटले असेल, हे टोकियोच्या नियतकालिकांच्या स्तंभांतून उमगत नाही.

२३/
तारापूरच्या किनाऱ्याला हाच प्रश्न लागू होतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बॉम्ब आणि वीजकेंद्र एक नव्हेत. गोजिराचा रोख अणुचाचण्यांवर आहे आणि तारापूरला फुकुशिमा घडलेले नाही. चित्रपटाच्या आधारे प्रकल्पाविषयी निवाडा देणे अनैतिहासिक ठरेल. तुलना आहे ती नोंदींची. अणुभट्ट्यांची क्षमता आणि करारांच्या तारखा सहज सापडतात. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली व त्यांचे पुनर्वसन झाले, हेही कागदोपत्री आहे. परंतु गाव उठताना काय बोलले गेले, आणि प्रकल्प आल्यावर समुद्राशी असलेले नाते कसे बदलले, हे प्रामुख्याने माणसांच्या स्मरणात असते. कागद मागे राहतो. स्मरण माणसाबरोबर जाते.

२४/
१९५६ च्या आवृत्तीतून नेमके स्मरणच कापले गेले होते आणि ते परत मिळवायला अमेरिकी प्रेक्षकांना २००४ उजाडले. तेथे निदान मूळ रीळ शाबूत होते. चिंचणी, तारापूर, घिवली किंवा अक्करपट्टीतील १९६० चे दशक पाहिलेली पिढी आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे आणि तिच्या आठवणींचे असे राखीव रीळ कोठेही नाही. इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी गोजिरा अवश्य पाहावा, ९६ मिनिटांचाच पाहावा आणि लोकल गाडीतील त्या तरुणीचे बोलणे लक्षपूर्वक ऐकावे. मग आपल्या किनाऱ्यावरील एखाद्या आजी-आजोबांपाशी बसून, त्यांची संमती घेऊन, त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. तारीख, ठिकाण आणि विचारलेले प्रश्न सोबत लिहून ठेवावेत. मौखिक इतिहासाला आरंभी एवढीच सामग्री पुरते.

धागा समाप्त.